एकशृंगाची कुळकथा

सरकारी दप्तरात ज्याने काही वर्षे घालविली आहेत त्यास एका गोष्टीचा अनुभव हटकून आलेला असतो. एखादी नोंद एकदा कागदावर चढली की ती खाली उतरविणे फार कठीण. पहिल्या कारकुनाने ती कोणाच्या तोंडून ऐकली हे पुढे कोणी विचारीत नाही. दुसरा तिची नक्कल करतो, तिसरा दुसऱ्याचा हवाला देतो, आणि पाचव्या-सहाव्या पिढीस ती इतकी वजनदार होऊन बसते की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करून आलेल्या अधिकाऱ्याचा अहवालही तिच्यापुढे फिका पडतो. पाश्चात्त्यांच्या जुन्या प्राणिवर्णनपर ग्रंथांतून दोन हजार वर्षे वावरलेल्या एका प्राण्याचा इतिहास वाचताना मला वारंवार आमच्या दप्तराची आठवण होत होती. हा प्राणी म्हणजे एकशृंग. इंग्रजीत ज्यास ‘युनिकॉर्न’ म्हणतात तो. त्याची मूळ नोंद आपल्याच देशाविषयीची आहे, हे कळल्यावर तर माझे कुतूहल अधिकच वाढले.

इ. स. १५५१ साली झ्यूरिक येथील कॉन्राड गेस्नर या वैद्याने ‘हिस्टोरिआ ॲनिमॅलियम’ या आपल्या प्रचंड ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पिलांना जन्म देणाऱ्या चतुष्पादांचे वर्णन या खंडात आहे. अर्वाचीन प्राणिशास्त्राचा आरंभ पुष्कळजण या ग्रंथापासून मानतात आणि ते अयोग्य नाही. प्राचीनांनी लिहिलेले जे जे हाती लागले ते सर्व गेस्नरने एकत्र केले. युरोपभर पसरलेल्या आपल्या विद्वान मित्रांस पत्रे लिहून त्यांनी स्वतः काय पाहिले ते विचारले. आणि शक्य तेथे लाकडी ठशांवरून छापलेले चित्र जोडले. प्राण्यांची मांडणी त्यांच्या लॅटिन नावांच्या वर्णानुक्रमाने आहे. या वर्णानुक्रमाने एक मोठी मौज केली आहे. ‘एम्’ या अक्षराखाली मोनोसेरॉस, म्हणजे एकशृंग, आपल्या लांब, पीळदार शिंगासह उभा आहे. आणि तेथून बरीच पाने पुढे, ‘आर्’ या अक्षराखाली, रायनोसेरॉस, म्हणजे आपला गेंडा, चिलखत घातल्यासारखा उभा आहे. एकाच्या कपाळावर शिंग, दुसऱ्याच्या नाकावर. हे दोघे मुळात एकच, हे सांगणारी ओळ या दोन चित्रांच्या मध्ये कोठेही नाही. ती ओळ का लिहिली गेली नाही, हाच या कुळकथेचा विषय आहे.

एकशृंगाची पहिली नोंद क्टीसियस नावाच्या ग्रीक वैद्याची. आशियामायनरमधील क्नायडसचा हा रहिवासी इराणचा सम्राट दुसरा अर्तक्षत्र याच्या दरबारी राजवैद्य होता, इ. स. पू. ४०१ मध्ये कुनाक्साच्या लढाईत जखमी झालेल्या सम्राटावर त्यानेच उपचार केले. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने ‘इंडिका’ हा ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानात त्याने कधी पाऊल टाकले नव्हते. इराणच्या दरबारात येणारे व्यापारी, दूत आणि नजराणे हीच त्याची साधने. परदेशी नोकरीवर असलेल्या माणसाने शेजारच्या, न पाहिलेल्या मुलखाविषयी लिहावे आणि मायदेशच्या लोकांनी ते आधारभूत मानावे, हा प्रकार तेव्हापासून चालत आला आहे.

क्टीसियसने लिहिले की हिंदुस्थानात घोड्याएवढी किंवा त्याहूनही मोठी रानगाढवे असतात. त्यांचे अंग पांढरे, डोके तांबडे, डोळे निळे. कपाळावर सुमारे दीड फूट लांबीचे एकच शिंग. ते बुडाशी पांढरे, मध्ये काळे आणि टोकाशी भडक तांबडे असते. या शिंगाच्या पेल्यातून जे पाणी किंवा मद्य पितात त्यांस आकडी येत नाही, अपस्मार होत नाही आणि विषाची बाधा होत नाही. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या फोटियस नावाच्या धर्मगुरूने केलेल्या सारांशावरून तो आपणांस कळतो. या वर्णनातील रानगाढव खरे आहे. कच्छच्या रणात ते आजही धावते. शिंगाचा पेला आणि विषबाधेची समजूतही खरी आहे. ती गेंड्याच्या शिंगाची. म्हणजे क्टीसियस खोटे बोलत नव्हता. दोन वेगवेगळ्या खऱ्या बातम्या त्याने एकाच प्राण्याच्या अंगावर चढविल्या, एवढेच.

शंभर वर्षांनी सेल्यूकसचा वकील मेगॅस्थिनीस पाटलिपुत्रास चंद्रगुप्ताच्या दरबारी आला. हा गृहस्थ प्रत्यक्ष हिंदुस्थानात राहिला. त्याच्याच ग्रंथातून घेतला असावा असे मानलेला एक उतारा ईलियन या पुढील काळातील ग्रंथकाराने दिला आहे. त्यात ‘कार्ताझोन’ नावाच्या एकशिंगी प्राण्याचे वर्णन येते. घोड्याएवढा देह, हत्तीसारखे पाय, डुकराचे शेपूट, आणि दोन भुवयांच्या मध्ये काळे, वळसे असलेले शिंग. हा इतर पशूंशी शांतपणे वागतो पण स्वजातीयांशी भांडतो, आणि एकट्याने चरत हिंडणे त्यास आवडते. ‘कार्ताझोन’ या नावात गेंड्याचे ‘खड्ग’ हे संस्कृत नाव दडलेले असावे, असा तर्क विद्वानांनी केला आहे. नावाचे राहू द्या. हत्तीचे पाय आणि डुकराचे शेपूट पाहिल्यावर गेंडा ओळखू येऊ नये असा हिंदी वाचक विरळा. एकांतप्रियतेची खूण तर आपल्याकडे इतकी प्रसिद्ध होती की सुत्तनिपातातील एका सुत्तात एकाकी विहार करणाऱ्या भिक्षूस खड्गाचीच उपमा दिलेली आहे. वकिलाचा अहवाल राजवैद्याच्या अहवालापेक्षा सत्याच्या पुष्कळ जवळ आला होता.

पण पुढे रोममध्ये घोटाळा झाला. प्लिनीने आपला ‘नॅचरालिस हिस्टोरिआ’ हा ग्रंथ इ. स. ७७ च्या सुमारास पुरा केला. त्याच्या आठव्या भागात गेंडा आहे, कारण पाँपीने भरविलेल्या खेळांत रोमच्या लोकांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. नाकावर एक शिंग असलेला हा प्राणी हत्तीचा जन्मजात वैरी असून लढाईपूर्वी तो आपले शिंग दगडावर घासून तीक्ष्ण करतो, असे प्लिनी सांगतो. आणि त्याच भागात पुढे मोनोसेरॉसही आहे; त्याचे डोके हरणाचे, अंग घोड्याचे, पाय हत्तीचे, शेपूट रानडुकराचे, कपाळावर दोन हात लांबीचे काळे शिंग, आणि तो जिवंत सापडत नाही अशी पुस्ती. पाहिलेला गेंडा एका कागदावर आणि ऐकलेला गेंडा दुसऱ्या कागदावर. येथे एकाच प्राण्याची दोन दप्तरे झाली, आणि पुढील सतराशे वर्षे ती एकमेकांस कोणी ताडून पाहिली नाहीत असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसऱ्या दप्तरात मग भर पडत गेली. अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा ‘रेएम’ या शब्दासाठी भाषांतरकारांनी ‘मोनोकेरोस’ हा शब्द योजिला. रेएम म्हणजे रानबैल, हे आता सर्वमान्य आहे. पण या एका शब्दामुळे एकशृंग धर्मग्रंथात जाऊन बसला आणि त्याच्याविषयी शंका घेणे म्हणजे धर्माविषयी शंका घेणे असे होऊ लागले. त्याच नगरीत तयार झालेल्या ‘फिझिओलोगस’ नावाच्या प्राणिकथांच्या पुस्तकाने त्याचा देह करडाएवढा लहान केला आणि कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवल्यावरच तो पकडता येतो ही कथा त्यास चिकटविली. या कथेचे मूळ आपल्या ऋष्यशृंगात असावे असे काही विद्वानांनी सुचविले आहे. डोक्यावर शिंग असलेला, स्त्री कधीही न पाहिलेला तो मुनिकुमार, आणि त्यास भुलवून नेण्यासाठी अंगराजाने पाठविलेल्या वारांगना, ही महाभारतातील कथा सर्वांस ठाऊक आहे. बौद्धांच्या महावस्तूत तर त्या मुनीचे नावच एकशृंग आहे. सादृश्य मोहक आहे खरे. परंतु पाटलिपुत्राहून अलेक्झांड्रियापर्यंत ती कथा कोणत्या वाटेने गेली याचा पुरावा हाती येईपर्यंत मी हा मोह आवरणेच पसंत करतो.

दुसराही एक मोह आवरावा लागतो. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील मुद्रांवर सर्वांत अधिक वेळा आढळणारा पशू एकशिंगी आहे. हडप्पाची अशी पहिली मुद्रा कनिंगहॅमने १८७५ साली प्रसिद्ध केली, आणि त्या अनुभवी अधिकाऱ्यास तीवर वशिंड नसलेला बैल दिसला. बाजूने काढलेल्या चित्रात दोन शिंगांचे एक झाले असेल, असे पुढेही काहींनी म्हटले. पण एकच शिंग असलेल्या मातीच्या मूर्ती सापडल्यामुळे हे म्हणणे लंगडे पडले आहे. तो पशू त्या लोकांच्या मनात खरोखरच एकशिंगी होता. मात्र त्या मुद्रा आणि क्टीसियस यांच्यामध्ये दीड हजार वर्षांची दरी आहे. तीवर पूल बांधण्यास लागणारे सामान आजतरी कोणापाशी नाही.

आता चित्राकडे वळू. क्टीसियसचे शिंग दीड फुटाचे आणि तिरंगी, प्लिनीचे काळे. मग मध्ययुगाच्या अखेरीस चित्रकार ते पुरुषभर लांब, पांढरेशुभ्र आणि मळसूत्रासारखे पिळाचे का काढू लागले? कारण तसे शिंग तोपर्यंत त्यांनी पाहिले होते. उत्तर समुद्रात, ग्रीनलंडच्या आसपास, नार्व्हाल नावाचा एक लहान देवमासा असतो. त्याच्या नराच्या डाव्या जबड्यातील एक दात वरचा ओठ भेदून सरळ पुढे वाढतो आणि आठ-नऊ फुटांपर्यंत लांब होतो. नॉर्स दर्यावर्दी हे दात दक्षिणेकडे विकीत. ज्या प्राण्याचा तो दात, तो विकत घेणाऱ्यांच्या दृष्टीस कधीच पडत नसे. आणि विकणाऱ्याने खुलासा करण्याचे काही कारण नव्हते. राजांच्या जामदारखान्यांत आणि चर्चच्या भांडारांत एकशृंगाची म्हणून जी शिंगे जपून ठेविली गेली ती ही. अशा रीतीने हिंदुस्थानच्या पशूस ग्रीनलंडचे शिंग फुटले. शिवाय त्याचे खूर बकऱ्याचे, दाढी बकऱ्याची आणि मान घोड्याची. प्राणिवर्णनाच्या पुस्तकांतील चित्र ते हेच.

चित्र ठरले म्हणजे साक्षीदारही मिळतात. इ. स. १४८६ साली मेंट्स येथे ब्रायडेनबाख या धर्माधिकाऱ्याचे पॅलेस्टाइनच्या यात्रेचे वर्णन छापले गेले. एर्हार्ड रॉयविख नावाचा चित्रकार त्याने मुद्दाम बरोबर नेला होता, त्यामुळे त्यातील नगरांची चित्रे आजही इतिहासकारांस उपयोगी पडतात. त्याच पुस्तकात प्राण्यांचे एक पान आहे. जिराफ, सुसर, उंट, आणि त्यांच्याच रांगेत एकशृंग. पवित्र भूमीत आम्ही पाहिले तसेच हे प्राणी काढले आहेत, असे खाली निःशंकपणे नमूद केले आहे. याहून चमत्कारिक साक्ष लुडोव्हिको दि वार्थेमा या इटालियनाची. इ. स. १५०३ मध्ये मुसलमानाच्या वेषात मक्केस जाऊन आलेला हा साहसी प्रवासी पुढे आपल्या किनाऱ्यावर उतरला; चौल, दाभोळ, गोवे आणि विजापूर येथील त्याची वर्णने आपल्या अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. या माणसाने मक्केत एका कुंपणात दोन एकशृंग पाहिल्याचे लिहून ठेविले आहे. मोठा तीस महिन्यांच्या शिंगराएवढा, रंग गडद तपकिरी, डोके हरणासारखे, खूर दुभंगलेले. त्याने काय पाहिले असेल? एखादे मोडक्या शिंगाचे आफ्रिकी हरीण असू शकेल. चौलविषयी ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा त्याला मक्केविषयी खोटा ठरवावयाचे, हे मला तरी जड जाते.

या सर्वांत मार्को पोलोची साक्ष मला अधिक आवडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रा बेटावर त्याने एकशृंग पाहिले. म्हशीसारखे केस, हत्तीसारखे पाय, काळे जाड शिंग, आणि चिखलात लोळण्याची आवड असलेला हा दिसावयास अत्यंत ओंगळ पशू आहे, असे तो लिहितो. आणि आमच्याकडे कुमारिकेची जी गोष्ट सांगतात तिच्याशी याचा काडीचाही संबंध नाही, असे बजावतो. तो गेंडाच होता. मार्कोजवळ शब्द एकशृंगाचा होता आणि डोळ्यांपुढे प्राणी गेंड्याचा. त्याने शब्द सोडला नाही, पण डोळ्यांशीही बेइमानी केली नाही.

मग तो दिवस आला की ज्या दिवशी ही दोन दप्तरे एकत्र व्हावयास हवी होती. इ. स. १५१४ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याने गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवून दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही. नजराणा मात्र दिला, त्यात एक जिवंत गेंडा होता. नकार गोड करण्याची ही तऱ्हा राजकारणात नवी नव्हे. आल्बुकर्कने तो प्राणी आपल्या राजास पाठविण्याचे ठरविले. जानेवारी १५१५ मध्ये जहाज निघाले. गेंड्याबरोबर ओसेम नावाचा त्याचा हिंदी रखवालदार होता. त्याच्याविषयी याहून अधिक कोणी लिहून ठेविले नाही, ही मला नेहमीच खटकणारी गोष्ट आहे. २० मे रोजी जहाज लिस्बनला लागले. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा उतरण्याची ही पहिलीच वेळ.

राजा मानुएलने काय केले असेल? त्याने प्लिनी उघडला. गेंडा हा हत्तीचा वैरी, असे त्यात लिहिलेले; तेव्हा ३ जून रोजी बंदिस्त आवारात गेंड्यासमोर एक तरुण हत्ती सोडण्यात आला. हत्ती घाबरून पळाला आणि प्लिनी खरा ठरला. पुढे काही वर्षांनी बाबराच्या मनात हेच कुतूहल उत्पन्न झाले. गेंडा आणि हत्ती समोरासमोर आल्यास काय होईल याचा तो विचार करीत असे. एका शिकारीत तसा योग आला, तेव्हा गेंडाच पळाला. बाबराने ते तसेच लिहून ठेविले. त्याच्या आत्मचरित्रातील गेंड्याचे वर्णन मुळातून वाचण्यासारखे आहे: शिंग नाकावर, वीतभराहून लांब, एका शिंगातून आपण पेला आणि फासे करविले, तरी तीनचार बोटे उरले असेल. विषाचा त्यात उल्लेखही नाही. गेस्नरला बाबर वाचावयास मिळाला असता तर! पण ते व्हावयाचे नव्हते.

लिस्बनहून एक पत्र आणि एक कच्चे रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला गेले. त्यांवरून आल्ब्रेख्ट ड्यूररने, गेंडा न पाहता, लाकडी ठशाचे ते जगप्रसिद्ध चित्र तयार केले. कातडीच्या घड्यांचे त्याने पोलादी पत्रे केले, पायांवर खवले चढविले, आणि खांद्यावर एक लहान पीळदार शिंग अधिकचे दिले. वरच्या मजकुरात साल १५१३ घातले, तेही चुकीचे. त्याच वर्षी आऊग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर याने त्याच प्राण्याचे चित्र काढले. त्यात जास्तीचे शिंग नाही, कातडी कातडीसारखी आहे आणि पायांत साखळदंड आहेत. म्हणजे ते कितीतरी खरे आहे. बुर्कमायरच्या चित्राची आज एकच प्रत शिल्लक आहे. ड्यूररच्या चित्राच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि अठराव्या शतकापर्यंत युरोपातील प्रत्येक गेंडा तसाच काढला गेला. त्या बिचाऱ्या प्राण्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. राजाने तो पोप दहावा लिओ यास भेट म्हणून पाठविला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडले, आणि साखळीने डेकला जखडलेला असल्यामुळे, पोहता येत असूनही, तो बुडाला.

हे सर्व गेस्नरपुढे होते. गेंड्याच्या प्रकरणात त्याने ड्यूररचेच चित्र घातले. एकशृंगाच्या चित्राखाली मात्र त्याने जे लिहिले त्यासाठी मी त्याचे शंभर अपराध माफ करीन. आजकाल चित्रकार हा प्राणी असा काढतात. मला त्याविषयी निश्चित काही ठाऊक नाही, असा त्याचा आशय आहे. पडताळणी न झालेला मजकूर काढून टाकण्याचा अधिकार त्याला नव्हता, कारण धर्मग्रंथ आणि प्राचीन पंडित त्याच्या विरुद्ध होते. पण त्यावर शेरा मारण्याचा अधिकार त्याने बजावला. दुर्दैवाने नक्कल करणारे चित्र उचलतात, शेरा उचलीत नाहीत. एडवर्ड टॉप्सेल या इंग्रज पाद्र्याने १६०७ मध्ये गेस्नरच्या आधारे इंग्रजीत पुस्तक काढले. त्यात चित्र तेच, आणि शंका घेणाऱ्यांस धर्मद्रोहाचे खडे बोल. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉन्स्टनच्या पुस्तकात तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली सुरेख चित्रे आली, आणि एका एकशृंगाचे कितीतरी एकशृंग झाले: आयाळीचे, बिनआयाळीचे, इतकेच नव्हे तर पाण्यात राहणारेही.

गेस्नरच्याच पिढीतला दुसरा एक वैद्य गोव्यात होता. गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला तो कायमचाच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि स्नेही होता, आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते. हिंदी औषधींवरचे त्याचे संवाद १५६३ मध्ये गोव्यातच छापले गेले. बंगालचे लोक गेंड्याचे शिंग विषावर वापरतात व त्यास एकशृंगाचे समजतात, पण ते एकशृंगाचे नव्हे, असे तो सांगतो. गेंडा आपण स्वतः पाहिलेला नाही, हेही कबूल करतो. इतके झाल्यावर, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी घोड्यासारख्या डोक्याचा एकशिंगी प्राणी असल्याचे विश्वासू लोकांकडून ऐकल्याचेही तो नोंदवितो! सत्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन हा चतुर माणूस पुन्हा अंगणात उतरला.

शंकेस खरा अडथळा धर्माचा होता त्याहून अधिक पैशाचा होता, असे माझे मत झाले आहे. फ्रान्सच्या राजांचा शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे याने १५८२ मध्ये एकशृंगावर निबंध लिहिला. ते शिंग ज्यात भिजविले होते अशा पाण्यात त्याने एक बेडूक टाकला. विषारी समजला जाणारा हा प्राणी शिंगाच्या गुणाने मरावयास हवा होता. तीन दिवसांनी पाहावे तो टुणटुणीत. राजाच्या पेल्यात एकशृंगाच्या शिंगाचा तुकडा बुडविण्याची जी चाल होती ती बंद का करीत नाही, असे पारेने मुख्य राजवैद्यास विचारले. आपली खुशीने बंद करण्याची तयारी आहे, पण ही समजूत इतकी रुजलेली आहे की युक्तिवादाचा उपयोग होणार नाही, असे काहीसे उत्तर त्यास मिळाले. हा राजवैद्य मूर्ख नव्हता. समजा, चाल बंद केली आणि दुसऱ्या दिवशी राजाचे पोट दुखले, तर? वरिष्ठांच्या सेवेत ज्यांनी आयुष्य काढले त्यांस या ‘तर’ची किंमत सांगावयास नको.

नार्व्हालचे बिंग १६३८ मध्ये फुटले. कोपनहेगनचा प्राध्यापक ओले वर्म याने दात जडलेली कवटीच पुढे ठेवून दाखविले की हे शिंग नव्हे, दात आहे, आणि चतुष्पादाचा नव्हे, सागरी प्राण्याचा आहे. गंमत अशी की याच शहरात त्यानंतर पाव शतकाने डेन्मार्कच्या राजासाठी नार्व्हालच्या दातांचे सिंहासन घडविण्यात आले, आणि ते अजून तेथे आहे. वर्मच्या शोधाने शिंगाचा भाव हळूहळू उतरला, पण पशूचे अस्तित्व त्यामुळे खोटे ठरले नाही. शिंग त्याचे नसेल, तो असेलच की! इ. स. १६६३ मध्ये जर्मनीत क्वेडलिनबुर्ग येथे सापडलेली हाडे एकशृंगाची मानली गेली. लायब्निट्झसारख्या प्रकांड पंडिताच्या, त्याच्या मृत्यूनंतर १७४९ मध्ये छापलेल्या, पुस्तकात त्या सांगाड्याचे चित्र आहे. त्यास पुढचे दोनच पाय आहेत, मागचे नाहीतच. ती हाडे प्राचीन काळी नष्ट झालेल्या केसाळ गेंड्याची आणि मॅमथची होती. अखेर लिनियसने १७५८ मध्ये सर्व प्राण्यांस शास्त्रीय नावे दिली तेव्हा ही मालमत्ता नकळत दोन खऱ्या धन्यांत वाटली गेली: नार्व्हालचे नाव ‘मोनोडॉन मोनोसेरॉस’, आणि आपल्या गेंड्याचे ‘रायनोसेरॉस युनिकॉर्निस’.

तरीही शोध थांबला नव्हता. खूर दुभंगलेल्या प्राण्याच्या कपाळाचे हाडही दोन भागांचे असते, म्हणून त्याच्या मध्यावर शिंग उगवणार नाही, असे क्यूव्हिएने सिद्ध केल्यासारखे मानले जात असे. (१९३३ मध्ये अमेरिकेत डॉक्टर डोव्ह यांनी नवजात वासराच्या शिंगांचे कोंब उचलून कपाळाच्या मध्यभागी बसविले, आणि त्या बैलास एकच भक्कम शिंग आले. क्यूव्हिएचा निकाल बरोबर, कारण चूक.) पण त्याच क्यूव्हिएच्या हयातीत, १८२० च्या सुमारास, सिक्कीमच्या मुलखात असलेल्या मेजर लॅटर नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने कळविले की तिबेटात एकशृंग खात्रीने आहे, तेथील लोक त्यास ओळखतात. काठमांडूच्या रेसिडेन्सीतील ब्रायन हॉजसन याने मात्र चौकशीचा मार्ग बदलला. त्याने वर्णने मागविली नाहीत. कातडी आणि शिंगे मागविली. आली ती ‘चिरू’ नावाच्या तिबेटी हरणाची. त्याची लांब, काळी, सरळ शिंगे बाजूने पाहिली म्हणजे एकच भासतात. समोरून मोजली म्हणजे दोन भरतात.

एकशृंग ग्रंथांतून गेला. क्टीसियसने नोंदविलेला त्याच्या शिंगाचा औषधी गुण मात्र गेला नाही. तो गेंड्याच्या माथी राहिला, आणि त्यापायी आसामच्या रानांत गेंड्यांची शिकार होत आली. केस आणि नखे ज्या द्रव्याची त्याच द्रव्याचे हे शिंग. काझीरंगा येथे २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे मोजले गेले. मेलेल्या गेंड्यांची आणि चोरट्यांकडून जप्त केलेली शिंगे आसाम सरकार कित्येक वर्षे आपल्या कोषागारांत सांभाळून ठेवीत असे. २२ सप्टेंबर २०२१ रोजी बोकाखात येथे त्यांतील २,४७९ शिंगे चितांवर रचून जाळण्यात आली, आणि ९४ जतन करण्यासाठी बाजूस ठेविली गेली. त्यापूर्वी कोषागारे उघडून एकेक शिंग बाहेर काढण्यात आले, त्याचे माप आणि वजन घेण्यात आले, आणि जुन्या नोंदीशी ते ताडून पाहण्यात आले. काही शिंगे आफ्रिकेतील गेंड्यांची निघाली. काही तर शिंगेच नव्हती.